ताऱ्यांचा प्रकाश वाचणारे प्राध्यापक कावसजी नायगमवाला

प्रकाशाचा वर्णपट तपासून ताऱ्यांची घडण जाणण्याचे शास्त्र एकोणिसाव्या शतकात उदयास आले. रोम येथील येशूसंघीय धर्मगुरू फादर अँजेलो सेक्की (१८१८-१८७८) हे त्याचे एक प्रवर्तक. महाराष्ट्रात या शास्त्राची मुहूर्तमेढ रोवली ती कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७-१९३८) या पारशी प्राध्यापकांनी.

ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये अध्यापन करीत. भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये ५,००० रुपयांची देणगी दिली, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली आणि १८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली. तेथील २० इंची दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती.

इंग्लंडचे ख्यातनाम शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले होते. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा ठळक दिसते. ती मॅग्नेशियमची असून तिची एक कड धूसर असते, असे लॉकियर यांचे मत होते. नायगमवालांना मात्र ती नेहमीच बारीक व रेखीव दिसली. गुरुतुल्य व्यक्तीच्या मताविरुद्ध जाणारे हे निरीक्षण त्यांनी १८९१ मध्ये निर्भयपणे प्रसिद्ध केले.

१९२७ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी या रेषेचे गूढ उकलले. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची होती. उत्तेजित झालेला असा अणू हा प्रकाश देण्यास सरासरी अर्धा मिनिट घेतो. दाट वायूत तेवढ्या अवधीत एखादा इलेक्ट्रॉन आदळून त्याची ऊर्जा हिरावून नेतो व रेषा उमटत नाही. तेजोमेघात एका घन सेंटिमीटरमध्ये काही हजारच इलेक्ट्रॉन असतात. म्हणून तेथे ती झळकते.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर विजयदुर्गास आले, तर नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून वेध घेतले. सूर्याच्या प्रभामंडळाची हिरवी रेषाही याच जातीची. दहा लाखांहून अधिक अंश तापलेल्या विरळ वायूत तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड ती देते, हे १९४० च्या सुमारास उमगले. आज अशा रेषांच्या तेजाची तुलना करून तप्त वायूतील इलेक्ट्रॉनांची घनता मोजली जाते.

१९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली व दुर्बीण कोडाईकनालला गेली. नायगमवालांचे निरीक्षण मात्र टिकले. गुरूविषयी आदर बाळगूनही सत्याशी तडजोड करू नये, हा त्यांच्या जीवनाचा धडा मीरा-भाईंदरमधील आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य गिरवावा. सत्याचा प्रामाणिक शोध हीदेखील सृष्टीकर्त्या परमेश्वराची सेवाच आहे.