विश्लेषण : महायुद्धातील वीजटंचाई आणि मजूरमंत्री डॉ. आंबेडकर

अंधेरी, बोरिवली, घाटकोपरमधील घरांना खासगी कंपन्या वीज पुरवतात. मुलुंडमध्ये मात्र प्रामुख्याने सरकारी महावितरणचे बिल येते. वीज सरकारी असावी की खासगी आणि तिचे नियोजन कोणी करावे, हे प्रश्न दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देशपातळीवर मांडले गेले. ते मांडण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा वाटा मोठा होता.

विजेशी त्यांचा संबंध कसा आला?

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले आंबेडकर वाढले मुंबईत, परळच्या कामगारवस्तीत. एल्फिन्स्टन महाविद्यालयानंतर कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. शेतीच्या तुकड्यांवरील १९१८च्या निबंधात त्यांनी एक निष्कर्ष मांडला होता : शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत आणि त्यांना सामावून घेण्याचा उपाय म्हणजे उद्योग. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य, म्हणजे मजूरमंत्री झाले. या खात्याकडे कामगारांसोबत वीज, पाटबंधारे, सार्वजनिक बांधकाम आणि खाणीही होत्या.

युद्धामुळे अडचण काय झाली?

कापड गिरण्या, गोदी, दारूगोळ्याचे कारखाने रात्रंदिवस चालू लागले आणि विजेची मागणी वाढली. नवी जनित्रे मात्र बहुतांशी परदेशातून येत आणि तेथील कारखाने युद्धसामग्रीत गुंतलेले होते. मुंबईची स्थिती इतरांपेक्षा बरी होती. टाटांची खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही जलविद्युत केंद्रे होती, तर ठाकुर्लीला रेल्वेचे कोळशावरचे वीजकेंद्र होते. बोरिवलीपर्यंत विजेची लोकल १९२८ पासूनच धावत होती. उपनगरांत बीएसईएस कंपनी वीज वितरण करत होती. देशाच्या मोठ्या भागात मात्र गावापुरते परवाने आणि छोटी केंद्रे, एवढीच व्यवस्था होती.

आंबेडकरांनी कोणते प्रश्न विचारले?

युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी सार्वजनिक बांधकाम व वीज या विषयांची धोरण समिती नेमली गेली. २५ ऑक्टोबर १९४३ च्या तिच्या बैठकीत अध्यक्ष या नात्याने त्यांनी मूळ प्रश्न मांडले. वीज सरकारी असावी की खासगी? खासगी असल्यास लोकहित कसे राखावे? जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? वीज मुबलक आणि स्वस्त हवी, हा त्यांचा आग्रह होता. स्वस्त विजेशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबी हटणार नाही, असे त्यामागचे गणित होते.

प्रादेशिक नियोजन म्हणजे काय?

वीजकेंद्र उभे राहायला वर्षे लागतात. त्यामुळे टंचाई आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. मागणीचा अंदाज आधीच घ्यावा लागतो. अनेक केंद्रे तारांनी जोडली की एकाची शिल्लक वीज दुसऱ्याच्या कामी येते आणि प्रत्येक शहराला वेगळी राखीव यंत्रे लागत नाहीत. युद्धात नवी केंद्रे बांधणे अवघड होते, पण पाहणी आणि आराखडे शक्य होते. त्यासाठी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. दामोदर आणि महानदीच्या योजनांमध्ये पूरनियंत्रण, सिंचन व वीज यांचा एकत्र विचार झाला. आंबेडकरांनी १९४५ मध्ये कोलकाता आणि कटक येथे संबंधित प्रांतांशी चर्चा केली.

या धोरणाची दुसरी बाजू कोणती?

रेल्वे, कारखाने आणि वीजकेंद्रांना कोळसा कमी पडू लागला, तेव्हा १९४३ मध्ये स्त्रियांना खाणीत जमिनीखाली काम करण्यावरची बंदी सरकारने उठवली. यावर कडाडून टीका झाली आणि मजूर खात्याचे प्रमुख म्हणून आंबेडकरांना मध्यवर्ती कायदेमंडळात उत्तर द्यावे लागले. समान कामाला समान मजुरीची अट त्यांनी पुढे केली. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी आला. बंदी पुन्हा लागू व्हायला मात्र १९४६ उजाडले. कामगारांच्या नेत्यालाच युद्धकाळात हा निर्णय सांभाळावा लागला.

पुढे काय झाले?

१९४६ मध्ये त्यांचे मजूर खाते सुटले. स्वातंत्र्याच्या वेळी देशाची स्थापित क्षमता जेमतेम १,३६० मेगावॉट होती. १९४८ चा वीज पुरवठा कायदा काकासाहेब गाडगीळ वीजमंत्री असताना झाला. त्यातून केंद्रीय वीज प्राधिकरण आणि राज्य वीज मंडळांची तरतूद झाली. आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष असलेल्या राज्यघटनेत वीज समवर्ती सूचीत राहिली. म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये आले आणि महावितरण ही त्याचीच वारस कंपनी. मुंबईतील खासगी परवाने मात्र कायम राहिले. म्हणूनच १९४३ मधील मालकीच्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे आज घाटकोपर ते मुलुंड या काही स्थानकांच्या अंतरात सापडतात.