पाळकाच्या घरातला साशंक मुलगा

कीर्तनकाराच्या घरात जन्मलेल्या मुलाने पुढे चिपळ्या हाती घेतल्या, तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. हे माझे की वडिलांचे, असा प्रश्न स्वतःला विचारत तो मुलगा वर्षानुवर्षे अडून बसला, तर मात्र त्याची गोष्ट ऐकावीशी वाटते. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव निघाले की आपल्याला १९६३ मधला वॉशिंग्टनचा विराट जनसमुदाय आठवतो. नागरी हक्कांचे नेते म्हणून जग त्यांना ओळखते. परंतु त्यांनी विचारपूर्वक पत्करलेले आणि अखेरपर्यंत न सोडलेले काम एकच होते. ते म्हणजे बॅप्टिस्ट मंडळीच्या पाळकाचे.

१५ जानेवारी १९२९ रोजी अटलांटा शहरात त्यांचा जन्म झाला, तेव्हा आईचे वडील ए. डी. विल्यम्स तेथील एबनेझर बॅप्टिस्ट चर्चचे पाळक होते. १९३१ मध्ये ते निवर्तले आणि त्यांची जागा जावयाने, म्हणजे मार्टिनच्या वडिलांनी घेतली. पणजोबाही उपदेशकच. मुलाचे मूळ नाव मायकेल. १९३४ मध्ये वडील जर्मनीला जाऊन आले आणि त्यांनी स्वतःचे व मुलाचे नाव बदलून थेट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचे नाव घेतले. एवढे ओझे खांद्यावर असलेला हा मुलगा लहानपणी चर्चचा सभासद झाला, तो कसल्याही साक्षात्काराने नव्हे. मोठी बहीण पुढे सरसावली, मग आपण मागे का राहावे, एवढेच त्याचे कारण होते. ते त्याने पुढे स्वतःच प्रांजळपणे नोंदवून ठेवले आहे. तेराव्या वर्षी तर रविवारच्या शाळेत येशूच्या सदेह पुनरुत्थानाबद्दलच शंका काढून त्याने शिक्षकांना अवाक् केले.

शंका केवळ धर्मसिद्धान्तांची नव्हती. उपासनेतला आरडाओरडा, पाय आपटणे, भावनांचा तो पूर त्याला संकोचून टाकत असे. बुद्धीला पटेल आणि समाजाच्या उपयोगी पडेल असे काही या पेशात आहे का, हा त्याचा खरा प्रश्न होता. म्हणून मग डॉक्टर व्हावे, वकील व्हावे, असे विचार चालले. १९४४ च्या उन्हाळ्यात, कॉलेजात जाण्यापूर्वी, तो कनेटिकट राज्यातील सिम्सबरीला तंबाखूच्या शेतावर मजुरीला गेला. उत्तरेत कोणत्याही उपाहारगृहात बसता येत होते. परतीच्या प्रवासात मात्र दक्षिणेत शिरताच रेल्वेच्या भोजनाच्या डब्यात त्याला पडद्याआड बसवण्यात आले. तो पडदा तो कधीच विसरला नाही. त्याच शेतावर रविवारच्या प्रार्थना चालवण्याचे काम सोबतच्या विद्यार्थ्यांनी त्याच्याकडे सोपवले होते, हीही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

पंधराव्या वर्षी तो अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजात दाखल झाला. तेथे अध्यक्ष बेंजामिन मेज आणि बायबलचे प्राध्यापक जॉर्ज केल्सी यांच्या रूपाने त्याला प्रथमच असे दीक्षित उपदेशक भेटले, जे श्रद्धाळू होते आणि आधुनिक विचारांना घाबरतही नव्हते. अडसर हळूहळू दूर झाले. आपल्याला आलेले पाचारण चमत्कारिक किंवा अलौकिक नव्हते, असे किंग यांनी १९५९ मध्ये स्पष्टपणे लिहिले. शाळेच्या शेवटच्या दिवसांपासूनच मनात असलेली, पण शंकांनी दाबून ठेवलेली मानवसेवेची ओढ कॉलेजच्या अखेरीस टाळता येईनाशी झाली, इतकेच. साक्षात्काराच्या कथा ऐकायची सवय असलेल्यांना ही कबुली फिकी वाटेल. मला ती अधिक विश्वासार्ह वाटते.

बॅप्टिस्ट परंपरेत बिशप नसतो आणि केवळ स्वतःला वाटून भागत नाही. मंडळीने पारख करावी लागते. १९४७ मध्ये एबनेझरमध्ये त्याचे चाचणीचे प्रवचन झाले, उपदेशाचा परवाना मिळाला आणि २५ फेब्रुवारी १९४८ रोजी एकोणिसाव्या वर्षी दीक्षाही झाली. वडिलांच्याच चर्चमध्ये मुलाची पारख कितपत कठोर झाली असेल, हा प्रश्न रास्तच आहे. तो किंग यांनाही पडला असावा. कारण सहपाळकाची तयार खुर्ची सोडून ते पेनसिल्वेनियातील क्रोझर धर्मविद्यालयात तीन वर्षे शिकले आणि नंतर बोस्टन विद्यापीठात गेले. मंडळीने पाळकाला दिलेल्या निमंत्रणालाही या परंपरेत पाचारणच म्हणतात. १९५४ मध्ये मॉन्टगोमरी शहरातील डेक्स्टर ॲव्हेन्यू चर्चकडून असे पाचारण आले. अध्यापनाची संधी होती, उत्तरेतल्या चर्चचेही बोलावणे होते. पत्नी कोरेटा यांना दक्षिणेत परतणे फारसे रुचत नव्हते. तरीही त्यांनी डेक्स्टर स्वीकारले.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९५५ मध्ये, रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर बस-बहिष्कार सुरू झाला आणि सव्वीस वर्षांच्या या पाळकाच्या गळ्यात नेतृत्व पडले. धमक्यांचे फोन रोजचेच झाले. २७ जानेवारी १९५६ च्या रात्री असाच एक फोन आला. झोप उडाली. शेजारी पत्नी आणि दोन महिन्यांची मुलगी निजलेली. किंग स्वयंपाकघरात गेले, कॉफी केली आणि टेबलाशी बसून, भ्याड न ठरता यातून अंग कसे काढून घेता येईल, याचा विचार करू लागले. कॉफी तशीच राहिली. अखेर डोके हातांत धरून त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली; आपली शक्ती संपली आहे, एकट्याने हे झेपत नाही, हे कबूल केले. न्यायासाठी उभा राहा, देव सोबत आहे, असा आतला स्वर तेव्हा आपल्याला जाणवला, असे त्यांनी पुढे लिहिले. १९६७ मधल्या एका प्रवचनात त्यांनी याच रात्रीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली. वडील पावणेदोनशे मैलांवर अटलांटात होते. त्या रात्री त्यांना हाक मारून उपयोग नव्हता. घराण्यातून मिळालेला धर्म त्या टेबलाशी स्वतःचा करावा लागला. म्हणजे दीक्षेला आठ वर्षे होत आली असताना!

तीनच दिवसांनी घरावर बॉम्ब पडला. पत्नी आणि मुलगी बचावल्या. बाहेर जमलेल्या संतप्त लोकांना किंग यांनी शस्त्रे घेऊन घरी जायला आणि हिंसा टाळायला सांगितले. बहिष्कार ३८१ दिवस चालला.

१९६० मध्ये ते एबनेझरला वडिलांचे सहपाळक म्हणून परतले, आता मात्र स्वतःच्या पायांनी. ४ फेब्रुवारी १९६८ रोजी तेथेच प्रवचन करताना त्यांनी आपल्या अंत्यविधीचा विषय काढला. नोबेल पारितोषिकाचा उल्लेख नको, इतरांची सेवा करण्याचा या माणसाने प्रयत्न केला एवढे सांगा, असा त्याचा आशय होता. दोन महिन्यांनी, ४ एप्रिलला, मेम्फिस येथे त्यांची हत्या झाली. ९ एप्रिलला एबनेझरमध्ये झालेल्या अंत्यविधीत, कोरेटा यांच्या इच्छेवरून, त्याच प्रवचनाची ध्वनिफीत लावण्यात आली.