बाबूराव पेंटरांचा लाइट

रविवारी सकाळी वसईच्या किल्ल्यात चक्कर मारली, तर एखादं तरी प्री-वेडिंग शूट चाललेलं दिसतंच. पडक्या चर्चच्या कमानीखाली नटूनथटून उभी असलेली जोडी, गुडघ्यावर बसलेला फोटोग्राफर आणि दोन-चार पावलं बाजूला एक पोरगा. त्याच्या हातात स्टँडवरचा फ्लॅश असतो, नाहीतर चंदेरी रिफ्लेक्टर. सगळ्यांचं लक्ष जोडीकडे, त्या पोराकडे कुणी बघत नाही. खरं तर अर्धा फोटो तोच काढत असतो.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला फ्लॅश समोरून थेट चेहऱ्यावर आपटतो. नाक, गाल, कपाळ सगळं सपाट, आधार कार्डवरच्या फोटोसारखं. तोच फ्लॅश काढून बाजूला नेला, की नाकाची सावली पडते, गालाला गोलाई येते, मागच्या दगडांचा खडबडीतपणा दिसायला लागतो. दिवा तोच, फक्त जागा बदलली. आज यासाठी वायरलेस ट्रिगर मिळतात, छत्र्या मिळतात, सॉफ्टबॉक्स मिळतात. पण हातात काहीच नसताना, आपल्याकडच्या पडद्यावर उजेड आणि सावलीची ही भाषा आणायची धडपड एका माणसाने केली होती. ती गोष्ट कोल्हापुरातली आहे आणि तिला शंभर वर्षं उलटून गेली आहेत.

त्यांचं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. वडील हरहुन्नरी कारागीर, त्यामुळे हत्यारं घरातलीच. बाबूराव चित्रं काढायला आणि मूर्ती घडवायला शिकले ते कुठल्या आर्ट कॉलेजात नाही, घरात आणि कामावर. चुलत भाऊ आनंदराव हे त्यांचे जोडीदार. दोघं मिळून संगीत नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, रस्ता, जे हवं ते कापडावर. या कामात त्यांचं एवढं नाव झालं, की मेस्त्री आडनाव मागे पडलं आणि लोक त्यांना पेंटर म्हणायला लागले.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांच्या डोक्यात सिनेमाने घर केलं. पण कोल्हापुरात बसून सिनेमा काढायचा कसा? कॅमेरा परदेशी, महागडा. त्यात १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. मग त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर विकत घेतला. त्यावर सिनेमे दाखवायचे आणि दाखवता दाखवता त्याची यंत्रणा समजून घ्यायची, असा दुहेरी उद्योग सुरू झाला.

इथे जरा थांबूया. प्रोजेक्टर आणि सिने-कॅमेरा ही सख्खी भावंडं आहेत. दोन्हींत फिल्म एक एक चौकट पुढे सरकते, क्षणभर थांबते, झडप उघडते, मिटते, फिल्म पुन्हा सरकते. फरक एवढाच, की एकातून उजेड बाहेर पडतो आणि दुसऱ्यात तो आत येतो. म्हणजे ज्याला प्रोजेक्टर आतून कळला, त्याला कॅमेऱ्याचं अर्धं कोडं सुटलं. उरलेलं अर्धं मात्र कठीण. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चौकटी जायच्या, त्याही हाताने हँडल फिरवून. एखादा दाता केसभर जरी चुकला, तरी पडद्यावरचं चित्र थरथरणार.

आनंदराव या कॅमेऱ्याचे सुटे भाग जमवत होते. काम अर्ध्यावर असताना १९१६ मध्ये ते अचानक गेले. बाबूराव तेव्हा सव्वीस वर्षांचे. भाऊ गेला, पार्टनर गेला, यंत्र अपुरं. तिथेच सोडून परत पडदे रंगवायला बसले असते, तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्यांनी विष्णुपंत दामले या शिष्याला हाताशी धरलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू केला. संपूर्ण भारतात घडवलेला पहिला सिने-कॅमेरा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

पैशाचा प्रश्न होताच. तो सुटला गायिका तानीबाई कागलकर यांच्यामुळे. त्यांनी मदतीचा हात दिला, छत्रपती शाहू महाराजांचाही आधार मिळाला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. पहिला चित्रपट ‘सैरंध्री’, फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्यात झळकला. बायकांची कामं पुरुषांनी करायची रीत असताना इथे स्त्रियांनीच स्त्रियांच्या भूमिका केल्या. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

आता लाइटकडे वळूया. त्या काळी आपल्याकडचं शूटिंग म्हणजे सूर्याची मर्जी. उघड्यावर सेट लावायचा, ऊन कडक असेल तर वर पांढरं कापड ताणायचं, ढग आले की हात चोळत बसायचं. फिल्मला उजेड भरपूर लागायचा. शिवाय तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, लाल वस्तू थेट काळी यायची. फोटोवाल्यांकडे मॅग्नेशियमची पूड होती, ती पेटवली की भक्कन उजेड आणि भरपूर धूर. पण तो झाला एका फोटोचा उजेड. सेकंदाला सोळा चौकटी टिपायच्या, तर दिवा जळतच राहायला हवा. आजच्या भाषेत सांगायचं तर फ्लॅश नाही, कंटिन्युअस लाइट.

१९२३ मध्ये बाबूरावांनी ‘सिंहगड’ काढला. हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरचा, तानाजी मालुसऱ्यांचा. ही मुळातच एका रात्रीची गोष्ट. अंधार, कडा, वर चढणारे मावळे. ती नुसत्या उन्हाच्या भरवशावर कशी सांगणार? या चित्रपटासाठी बाबूरावांनी कृत्रिम दिवे वापरले आणि भारतीय सिनेमातल्या अशा पहिल्या प्रयोगांमध्ये ‘सिंहगड’चं नाव घेतलं जातं. सूर्य हलवता येत नाही. दिवा उचलून हवा तिथे ठेवता येतो आणि सावली कुठे पाडायची हे दिग्दर्शक ठरवू शकतो. किल्ल्यातला तो पोरगा आज नेमकं हेच करत असतो.

याच माणसाने सिनेमातले रंगवलेले पडदे काढून टाकले आणि त्याजागी खऱ्या भिंती, खरे खांब, लांबी-रुंदी असलेले सेट उभे केले. हे मला सगळ्यात भारी वाटतं. ज्या कामाने नाव दिलं, तेच काम त्यांनी मोडीत काढलं. पण विचार केला तर पटतं. पडद्यावरची सावली रंगाची असते, ती जागची हलत नाही. दिवा डावीकडे ठेवा की उजवीकडे, ती तिथेच. बाजूने लाइट मारला की तिचं पितळ उघडं पडतं. खऱ्या खांबाची सावली मात्र दिव्याचं ऐकते. आयुष्यभर सावल्या रंगवलेल्या माणसाला हे कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती.

१९२५ मधला ‘सावकारी पाश’ हा या सगळ्याचा कळस. देवदेवता नाहीत, राजेरजवाडे नाहीत. सावकाराने जमीन गिळलेला एक शेतकरी, बस्स. त्या भूमिकेत होते तरुण व्ही. शांताराम. अंधुक उजेडातली एक झोपडी आणि रडणारं कुत्रं, हा त्यातला शॉट बघणाऱ्यांच्या पुढे कित्येक वर्षं लक्षात राहिला. आवाज नसलेल्या सिनेमात ते कुत्रं लोकांना ऐकू आलं, ते त्या उजेडामुळे. आपल्याला मात्र तो शॉट बघता येत नाही. ‘सावकारी पाश’ची ती मूक आवृत्ती आज उपलब्ध नाही. बाबूरावांच्या बहुतेक मूकपटांचं हेच झालं. हाताने रंगवलेलं ‘कल्याण खजिना’चं १९२४ मधलं पोस्टर तेवढं राहिलं. ज्या कल्याणला आपण वसई रोडवरून जातो, त्याच कल्याणच्या खजिन्याची ती गोष्ट.

पुढचा भाग सांगताना जरा जड जातं. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे तयार झालेले शिष्य कंपनी सोडून गेले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासोबत त्यांनी ‘प्रभात’ काढली. दोन वर्षांनी, १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि सिनेमा बोलायला लागला. जुन्या बाजारातल्या यंत्रावरून कॅमेरा घडवणाऱ्या बाबूरावांना या नव्या यंत्राचं काही आकर्षण वाटलं नाही. त्यांचा जीव चित्रात होता, उजेडात होता. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. शिष्यांची प्रभात मात्र बोलपटात शिरली, पुण्याला गेली आणि मोठी झाली. तिच्याच स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये एफटीआयआय सुरू झाली. सिनेमॅटोग्राफीला अॅडमिशन मिळावी म्हणून तुमच्यातले काही जण जिची एन्ट्रन्स देतात, तीच.

बाबूराव संपले नाहीत. ‘उषा’, बोलका ‘सावकारी पाश’, ‘प्रतिभा’ असे चित्रपट त्यांनी नंतर केले. ब्रश आणि छिन्नी तर कधी सुटलीच नाही. १९४७ मध्ये शांतारामांच्या राजकमलने ‘लोकशाहीर रामजोशी’ काढला, त्याच्या दिग्दर्शनात गुरूंचं नाव होतं. एकेकाळी त्यांच्या कंपनीत पडेल ते काम करणाऱ्या पोराची आता स्वतःची कंपनी होती आणि त्याने गुरूंना आपल्याकडे बोलावलं होतं. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात बाबूराव गेले. खरी कॉर्नरजवळ आजही त्यांच्या कॅमेऱ्याची आठवण सांगणारा स्तंभ आहे. कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईचं दर्शन आणि तांबडा-पांढरा झाल्यावर तिकडेही पाय वळवा.

आता तुमच्या बजेटचं. सेकंडहँड फ्लॅश आणि ट्रिगर हवा असेल, तर चर्चगेट लोकल पकडून फोर्टातल्या बोरा बाजारात फिरून या. घेण्याआधी सेल घालून आठ-दहा वेळा उडवून बघा. तेवढेही पैसे नसतील, तर थर्माकोलचा एक पांढरा तुकडा पुरतो. मित्राला खिडकीजवळ बसवा, सावलीच्या बाजूला थर्माकोल धरा आणि हळूहळू जवळ आणा. अंतर अर्धं केलं की दिव्याचा उजेड चौपट होतो, हा फिजिक्सचा नियम. मोठ्या खिडकीला आणि थर्माकोलला तो तंतोतंत लागू पडत नाही, पण जवळ-लांब केल्याने चेहरा किती बदलतो हे डोळ्यांना दिसेल. पुढच्या रविवारी किल्ल्यात गेलात, की फोटोग्राफरकडे नंतर बघा. आधी त्या लाइट धरलेल्या पोराला विचारा, दिवा इथेच का धरलास.