चार्ल्स केटरिंग

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग (२९ ऑगस्ट १८७६ – नोव्हेंबर १९५८) हे अमेरिकन अभियंते, संशोधक आणि उद्योजक होते. मोटारगाडी विजेच्या बळावर सुरू करणारा सेल्फ-स्टार्टर आणि त्यासोबतची डायनॅमो, बॅटरी, दिवे व प्रज्वलन यांची एकत्रित विद्युत् यंत्रणा ही त्यांची सर्वांत महत्त्वाची कामगिरी होय. शिसेयुक्त पेट्रोलाच्या प्रसारातही त्यांचा वाटा मोठा होता.

बालपण आणि शिक्षण

केटरिंग यांचा जन्म ओहायो राज्यातील लाउडनव्हिल गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांची दृष्टी लहानपणापासूनच अधू होती. काही काळ त्यांनी शाळामास्तरकी केली. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात प्रवेश घेतला; परंतु डोळ्यांच्या त्रासामुळे शिक्षण अर्धवट सोडावे लागले. त्या काळात ते टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीचे मुकादम झाले. विजेचे प्रत्यक्ष ज्ञान त्यांना या कामातच मिळाले, असे म्हणता येईल. १९०४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते विद्युत् अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. १९०५ मध्ये ऑलिव्ह विल्यम्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

गल्ल्याचे यंत्र आणि डेल्को

पदवीनंतर डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्यांनी दुकानातील गल्ल्याचे यंत्र विजेच्या मोटरवर चालवून दाखवले. एवढ्या कामाला अवजड मोटर लागेल, असा जाणकारांचा समज होता. गल्ल्याची मोटर क्षणभरच चालते. तेव्हा लहान मोटरवर तेवढ्यापुरता जादा भार टाकला तरी ती जळत नाही, हे केटरिंग यांनी ओळखले. त्यांच्या पुढील यशाची गुरुकिल्ली हीच होती.

सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागील कोठारात रात्री व सुटीच्या दिवशी काम करून त्यांनी कॅडिलॅक गाड्यांसाठी सुधारित प्रज्वलन यंत्रणा तयार केली. १९०९ मध्ये दोघांनी स्थापन केलेली ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ पुढे ‘डेल्को’ या आद्याक्षरी नावाने प्रसिद्ध झाली.

सेल्फ-स्टार्टर आणि व्होल्टेजचे नियमन

त्या काळी गाडी हँडल मारून सुरू करावी लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे, प्रसंगी जबडाही फुटे. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी यावर उपाय मागितला, तेव्हा केटरिंग यांनी गल्ल्याच्या मोटरचेच तत्त्व वापरले. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये हा स्टार्टर प्रथम बसवला गेला. (मराठीत गाडी सुरू करण्याला आजही ‘सेल्फ मारणे’ म्हणतात, ते या यंत्रावरूनच.)

स्टार्टरची मोटर हा मात्र प्रश्नाचा अर्धाच भाग होता. बॅटरीतून घेतलेली वीज परत भरली नाही तर दोन-चार दिवसांत पुन्हा हँडल हाती घ्यावे लागले असते. म्हणून तेच यंत्र इंजिन सुरू होताच डायनॅमो होऊन बॅटरी भरू लागे. गाडी सुरू करताना बॅटरीचे संच एकसरीत जोडून २४ व्होल्ट मिळत. भरताना व दिव्यांसाठी ६ व्होल्ट वापरले जात.

येथे खरी अडचण येते. डायनॅमोचे व्होल्टेज इंजिनाच्या वेगाबरोबर वाढते. त्याला आवर घातला नाही तर बॅटरीतील पाणी उडून जाते आणि दिवे जळतात; फार आवरले तर बॅटरी भरतच नाही. उपाय म्हणजे डायनॅमोच्या चुंबकीय वेटोळ्यातील प्रवाह कमीजास्त करणे. डेल्कोच्या आरंभीच्या काही यंत्रणांत हे काम पाऱ्याच्या नळीतील दांडा करी: व्होल्टेज वाढले की दांडा पाऱ्यातून वर ओढला जाई, वेटोळ्याच्या वाटेत रोध वाढे आणि डायनॅमो सौम्य होई. पुढे कंप पावणाऱ्या संपर्कबिंदूंचे आणि त्यानंतर इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आले. वेटोळ्यातील प्रवाह आवरण्याचे तत्त्व तेच राहिले. जुन्या गाडीला रेग्युलेटर निवडताना तो तिच्या डायनॅमोच्या वेटोळ्याशी, व्होल्टेजशी आणि बॅटरीच्या कोणत्या टोकाला अर्थ आहे त्याच्याशी जुळावा लागतो, तो यामुळेच. स्टार्टरचे कौतुक झाले, या मूक नियंत्रकाचे फारसे झाले नाही.

शिसेयुक्त पेट्रोल

डेल्को पुढे जनरल मोटर्सकडे गेली आणि १९२० पासून केटरिंग त्या कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. तांब्याच्या पात्यांनी थंड होणारे हवाशीत इंजिन हे त्यांचे मोठे अपयश ठरले. १९२३ मध्ये तशा शेव्हरोले गाड्या परत मागवाव्या लागल्या.

इंजिनात होणाऱ्या खटखटीचा दोष अनेक जण डेल्कोच्या प्रज्वलनाला देत. केटरिंग यांना तो इंधनाचा वाटत होता. त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड हा उपाय शोधला. अल्कोहोल मिसळूनही खटखट कमी होते, हे त्याच प्रयोगशाळेला ठाऊक होते. पण त्यावर एकस्व मिळण्यासारखे नव्हते. शिशाची विषारी बाधा तर प्राचीन काळापासून परिचित होती. १९२४ मध्ये एथिल कंपनी स्थापन होऊन केटरिंग तिचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी न्यू जर्सीतील बेवे येथे या द्रव्याच्या बाधेने ५ कामगार दगावले. चौकशीसाठी विक्री थांबली व १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. भारतात असे पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. केटरिंग यांच्या थोरवीचे मूल्यमापन करताना हा भाग वगळता येत नाही.

उत्तरायुष्य

१९३० नंतर पुत्र यूजीन यांच्या साहाय्याने त्यांनी रेल्वेसाठी हलके द्वि-धाव डिझेल इंजिन विकसित केले. १९४५ मध्ये आल्फ्रेड स्लोन यांच्यासह न्यूयॉर्क येथे कर्करोग संशोधनाची स्लोन-केटरिंग संस्था उभी केली. १९४७ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक एकस्वे आहेत. डेटनजवळील एका शहराला आणि फ्लिंट येथील अभियांत्रिकी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.