श्रीसमर्थ रामदासस्वामी : एका रघुनायकाचा भरवसा

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे गाव ‘जांब समर्थ’ या नावाने महाराष्ट्रभर ओळखले जाते. गोदावरीच्या खोऱ्यातील ही भूमी श्रीसमर्थ रामदासस्वामींच्या जन्माने पावन झाली. समर्थांचे नाव घेतले की बलोपासना, मारुतीची स्थापना, मठांची परंपरा आणि दासबोध यांचे स्मरण प्रथम होते. तथापि या सर्व कार्याचे बीज जांबच्या एका पोरक्या बालकाच्या मनात रुजले होते. ज्यांच्याकडे आशेने पाहिले त्यांच्याकडून हवे ते मिळाले नाही, तेव्हा त्या बालकाने थेट रामरायाचे चरण धरले. जन्मस्थानाच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांनी समर्थचरित्रातील हा भाग आवर्जून मनन करावा असा आहे.

जन्म व घराणे

जांबचे ठोसर घराणे देशस्थ ऋग्वेदी, गोत्र जमदग्नी. घराण्याकडे गावचे कुलकर्णीपण होते आणि रामोपासना व सूर्योपासना परंपरेने चालत आलेली होती. या कुळातील सूर्याजीपंत व राणूबाई हे दांपत्य अत्यंत सात्त्विक होते. त्यांना प्रथम गंगाधर हा पुत्र झाला. त्यानंतर शके १५३० मध्ये, म्हणजे इ.स. १६०८ साली, चैत्र शुद्ध नवमीस ऐन रामजन्माच्या वेळी दुसरा पुत्र जन्मास आला. त्याचे नाव नारायण ठेवण्यात आले. हाच पुढे समर्थ रामदास झाला.

नारायण बालपणी अतिशय खोडकर व चपळ होता. झाडावर चढणे, उड्या मारणे, पोहणे यात त्याचा दिवस जाई. मात्र मधूनच तो एकांतात जाऊन विचारमग्न होई. एकदा तो घरातील अंधाऱ्या अडगळीत लपून बसला. शोधाशोध झाली आणि आईने विचारले, तेव्हा आपण विश्वाची चिंता करीत होतो असे उत्तर त्याने दिल्याची कथा जांबमध्ये आजही घरोघरी सांगितली जाते.

पितृवियोग आणि बंधूंचा नकार

नारायण सात वर्षांचा असताना, इ.स. १६१५ मध्ये, सूर्याजीपंतांचे देहावसान झाले. घरातील मोठा आधार हरपला. संसाराचा व कुळाचाराचा भार थोरले बंधू गंगाधरपंत यांच्यावर आला. तेही वयाने लहानच होते. तथापि त्यांचा अधिकार मोठा होता आणि ते भाविकांना मंत्रोपदेश करीत असत. आपल्यालाही त्यांनी अनुग्रह द्यावा असा हट्ट नारायणाने धरला. वय लहान आहे, योग्य वेळ आली की पाहू, असे सांगून बंधूंनी त्यास नकार दिला.

या नकारात दुष्टबुद्धी मुळीच नव्हती. वडीलबंधूंचे नारायणावर निरतिशय प्रेम होते. परंतु ज्या वयात वडिलांचे छत्र गेले, त्याच वयात वडिलांच्या जागी असलेल्या भावानेही दार लावावे, हे त्या बालमनास फार लागले. माणूस माणसाला अंतर देतो तेव्हा त्यामागे प्रत्येक वेळी कपट असतेच असे नाही. पुष्कळदा त्याच्या देण्यालाच मर्यादा असते.

नारायण रुसून गावातील मारुतीच्या देवळात जाऊन बसला. तेथे मारुतीरायाने त्यास प्रभू रामचंद्रांच्या चरणी घातले आणि स्वतः श्रीरामाने त्यास त्रयोदशाक्षरी मंत्राचा उपदेश केला, अशी समर्थ संप्रदायाची श्रद्धा आहे. म्हणूनच या संप्रदायाची गुरुपरंपरा श्रीराम, हनुमंत आणि समर्थ अशी सांगतात. मनुष्यगुरूकडून जे मिळाले नाही ते आराध्यदैवताकडून मिळाले. तेव्हापासून रामाशिवाय दुसरा आधार नाही हा निश्चय नारायणाच्या ठायी पक्का झाला.

आसनगावचा मंडप

मुलाचे विरक्त वर्तन पाहून राणूबाई चिंतित झाल्या. विवाह झाला म्हणजे तो संसारात रमेल असे त्यांना वाटले. अंतरपाट धरेपर्यंत विवाहास विरोध करणार नाही, असे वचन त्यांनी नारायणाकडून घेतले. इ.स. १६२० मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, आसनगाव येथे विवाहाचा मंडप सजला. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकांतील सावधान हा शब्द कानी पडताच नारायण खरोखर सावध झाला आणि मंडपातून निघून गेला. आईला दिलेले वचन अक्षरशः पाळले गेले होते.

या प्रसंगाचे वर्णन करताना राणूबाईंच्या दुःखाकडे दुर्लक्ष करता येत नाही. पती गेले आणि आता पुत्रही दृष्टीआड झाला. तो कोठे आहे, जिवंत आहे की नाही, याची वार्ताही वर्षानुवर्षे नव्हती. ज्याला स्वतः माणसांच्या आधाराची उणीव भासली, त्याच्याच जाण्याने मातेचा आधार तुटला. समर्थांनी पुढे या ऋणाची जाणीव कधीही विसरू दिली नाही.

टाकळीचे तप

पायी चालत नारायण नाशिकला आला. पंचवटीत प्रभू रामचंद्रांचे दर्शन घेऊन त्याने जवळच्या टाकळी येथे, गोदावरी व नंदिनी यांच्या संगमावर मुक्काम केला. इ.स. १६२० ते १६३२ अशी बारा वर्षे तेथे तपश्चर्या झाली. पहाटेपासून मध्यान्हापर्यंत नदीच्या पात्रात उभे राहून जप, त्यानंतर पंचवटीत माधुकरी, दुपारी ग्रंथांचे अध्ययन व श्रवण असा दिनक्रम होता. याच काळात संपूर्ण वाल्मीकि रामायण त्यांनी स्वहस्ते लिहून काढले. ते हस्तलिखित धुळे येथील श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जतन करण्यात आले आहे.

या बारा वर्षांत मन सदैव शांत होते असे नाही. समर्थांची करुणाष्टके वाचली की त्या तपातील व्याकुळता कळते. मन आवरत नाही, स्वजन कामी येत नाहीत, देव भेटत नाही, अशी तळमळ तेथे मोकळेपणाने मांडली आहे. समर्थांचा भरवसा हा दुःख न जाणणाऱ्याचा भरवसा नव्हता. रडून, आळवून आणि तरीही रोज पहाटे त्याच पाण्यात उभे राहून तो मिळविलेला होता.

तीर्थाटन व मातृभेट

इ.स. १६३२ पासून पुढील बारा वर्षे समर्थांनी पायी भारतभ्रमण केले. त्यापूर्वीच्या दोन वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. गावे ओस पडली, अन्नासाठी आप्तांनी आप्तांना सोडले. त्यावर सैन्यांची धामधूम होती. समर्थांनी ही दुर्दशा डोळ्यांनी पाहिली. त्यांच्या ‘अस्मानी सुलतानी’ व ‘परचक्रनिरूपण’ या प्रकरणांत तिचे चित्र उमटले आहे. एकट्या जांबच्या मुलाचाच नव्हे, तर साऱ्या समाजाचा आधार तुटला आहे हे त्यांना कळून चुकले.

तीर्थाटन आटोपून ते पैठणास आले असता, पुत्रवियोगाने राणूबाईंची दृष्टी गेली असल्याचे त्यांच्या कानी आले. इ.स. १६४४ मध्ये, चोवीस वर्षांनंतर, समर्थ जांबला आपल्या घराच्या दारी उभे राहिले आणि भिक्षेसाठी त्यांनी पुकारा केला. आवाज ओळखून माता बाहेर आली. समर्थांनी मातेच्या नेत्रांवरून हात फिरविला आणि तिला पुन्हा दिसू लागले, असे परंपरा सांगते. काही काळ मातेजवळ राहून, निघताना त्यांनी तिला कपिलगीतेचा बोध केला. भागवतात कपिलमुनींनी आपली माता देवहूतीस जे ज्ञान दिले, तेच येथे पुत्राने मातेस दिले. इ.स. १६५५ मध्ये राणूबाईंच्या अंतकाळी समर्थ पुन्हा जांबला आले होते.

ज्या बंधूंनी अनुग्रह नाकारला होता त्यांच्याविषयी समर्थांच्या मनात किंतु राहिला नाही. गंगाधरपंतांना संप्रदायात ‘श्रेष्ठ’ व ‘रामीरामदास’ या आदरयुक्त नावांनी संबोधिले जाते. ‘भक्तिरहस्य’ व ‘सुलभोपाय’ हे त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. देवावर भार टाकल्यावर माणसांवरचा राग धरून ठेवण्याचे कारणच उरत नाही, हे दोघां बंधूंच्या स्नेहावरून दिसते.

कृष्णाकाठचे कार्य

पुढील जीवन समर्थांनी कृष्णाखोऱ्यात घालविले. मसूर येथे रामनवमीचा उत्सव सुरू झाला. इ.स. १६४८ मध्ये चाफळ येथे श्रीराममंदिर उभे राहिले. चाफळ, शहापूर, मसूर, उंब्रज, शिंगणवाडी, माजगाव, बहे बोरगाव, मनपाडळे, पारगाव, शिराळे अशा ठिकाणी मिळून अकरा मारुती स्थापन झाले. गावोगावी तरुणांना बल व श्रद्धा यांचा आधार मिळाला. समर्थांनी देवावर भरवसा ठेवला म्हणून माणसांकडे पाठ फिरविली नाही. ज्यांना कोणीही नव्हते त्यांचे ते आधार झाले.

मिरजेच्या वेणाबाईंचे चरित्र याची साक्ष देते. त्यांना बालवयातच वैधव्य आले. समर्थांच्या कीर्तनाने त्यांना परमार्थाची ओढ लागली, तेव्हा लोकांनी निंदा केली आणि घरच्यांनीच विष दिले, तरी त्या बचावल्या, असे परंपरा सांगते. स्वजनांनी दूर लोटलेल्या या साध्वीस समर्थांनी मिरजेच्या मठाचा अधिकार दिला व कीर्तन करण्याची अनुज्ञा दिली. ‘सीतास्वयंवर’ हा त्यांचा ग्रंथ मान्यता पावला. त्यांची समाधी सज्जनगडावर आहे.

दासबोधातील शिकवण

वीस दशक व दोनशे समास असलेला दासबोध शिवथरघळीत आकारास आला. तो लिहून घेण्याची सेवा कल्याणस्वामींनी केली. त्याच्या तिसऱ्या दशकात समर्थांनी एका सामान्य प्रपंची माणसाचे आयुष्य जन्मापासून वार्धक्यापर्यंत उभे केले आहे. मातापित्यांचा वियोग, कर्ज, चोरी, दुष्काळ, परदेशची वणवण आणि अखेर ज्यांच्यासाठी कष्ट केले त्या मुलांकडूनच होणारी अवहेलना, असे ते कठोर चित्र आहे. संसाराचा द्वेष वाटावा हा त्याचा हेतू नाही. जे टिकणारे नाही त्यावर सारा भार टाकू नये, एवढाच त्याचा इशारा आहे.

चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे निरूपण करताना सख्यभक्तीचा समास येतो. देवाशी मैत्री करावयाची तर त्याला जे आवडते ते करावे, आपली इच्छा पुरली नाही म्हणून त्याच्यावर रुसू नये आणि प्रसंगी सर्वस्व अर्पण करण्याची तयारी ठेवावी, असे समर्थ सांगतात. देवाला कामाच्या वेळी आळवून एरवी विसरणे हे सख्य नव्हे. बंधूंवर रुसून देवळात गेलेल्या बालकाने पुढे देवावर रुसू नये हे शिकविले, यातच त्यांच्या साधनेची परिपक्वता दिसते.

भिक्षेविषयीही समर्थांचा दंडक होता. कोणी भरपूर आणून दिले तरी त्यातील थोडेच घ्यावे आणि कोणासही दुःख देऊ नये. देणाऱ्याने प्रेमाने द्यावे, घेणाऱ्याने त्यावर विसंबून राहू नये. देवस्थानास सेवा अर्पण करणाऱ्या दात्यांनाही हा विचार मोलाचा वाटेल.

महानिर्वाण

इ.स. १६७६ पासून समर्थांचे वास्तव्य सज्जनगडावर होते. इ.स. १६८० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे निधन झाले. त्यानंतर शके १६०३ मध्ये, म्हणजे इ.स. १६८२ साली, माघ वद्य नवमीस तंजावरहून आलेल्या राममूर्तींसमोर समर्थांनी देह ठेवला. ही तिथी ‘दासनवमी’ म्हणून सर्वत्र पाळली जाते.

जन्मस्थान व भाविक

जांब येथे श्रीराममंदिर व समर्थांचे जन्मस्थान ही प्रमुख दर्शनस्थळे असून रामनवमीस येथे मोठा उत्सव होतो. ऑगस्ट २०२२ मध्ये येथील श्रीराममंदिरातील प्राचीन मूर्तींची चोरी झाली आणि जांबकरांसह साऱ्या समर्थभक्तांना मोठा धक्का बसला. ज्या मूर्तींपुढे पिढ्यान्‌पिढ्या माथा टेकविला, त्या माणसाच्या लोभाने नेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी मूर्तींचा शोध लावून आरोपींना अटक केली. मधल्या काळात सिंहासन रिकामे होते, तरी नामस्मरण सुटले नव्हते.

जांबला येणारा प्रत्येक भाविक काही ना काही ओझे घेऊन येतो. कोणाला भावाने अंतर दिलेले असते, कोणाची मुले दुरावलेली असतात, कोणाचा व्यवहारात विश्वासघात झालेला असतो. अशा भाविकाने येथील मारुतीरायासमोर क्षणभर शांत बसावे. चार शतकांपूर्वी एक रुसलेले मूल अशाच एका मारुतीसमोर बसले होते. ते उठले तेव्हा त्याच्या मनात तक्रार नव्हती, नाम होते. घरी परतताना ज्याच्यावर राग आहे त्याच्याशी एक गोड शब्द बोलता आला, तर जन्मस्थानाची यात्रा सफल झाली असे समजावे.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥