ग्रेस हॉपर : यंत्राच्या पोटातली चूक शोधणाऱ्या बाई



आपल्या भोसरीत कितीतरी मुलांचे आईवडील एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये किंवा चाकणच्या कंपनीत कामाला आहेत. जॉब चुकीच्या मापाचा निघाला तर तो नुसता बाजूला टाकून भागत नाही, माप कोणत्या टप्प्याला बिघडलं ते बघावं लागतं, हे त्यांना कोणी शिकवायला नको. वहीतल्या गणिताचं मात्र आपण तसं करत नाही. उत्तर चुकलं की फुली मारतो, मूल खोडरबर फिरवतं, आणि चूक कुठे झाली ते कोणालाच कळत नाही. म्हणून आज ग्रेस हॉपर यांचं चरित्र सांगते. पाचवीच्या पुढच्या मुलांना ते वाचून दाखवता येईल.

बालपण आणि शिक्षण

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. सात वर्षांची असताना ग्रेसने घरातलं गजराचं घड्याळ खोललं. आत काय चालतं ते बघायचं होतं. भाग परत जुळेनात, म्हणून दुसरं घड्याळ उघडलं, मग तिसरं. अशी सात घड्याळं झाली. आईने काय केलं ते पालकांनी लक्षात घ्यावं. तिने खेळ बंद केला नाही, फक्त यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे, एवढी अट घातली.

पुढे ग्रेस वासर कॉलेजात गणित शिकल्या आणि तिथेच शिकवूही लागल्या. १९३४ साली येल विद्यापीठातून त्यांनी गणितात पीएचडी मिळवली. दुसऱ्या महायुद्धात त्यांना अमेरिकेच्या नौदलात जायचं होतं. वय ३७, वजन नियमापेक्षा कमी. तरी खास सवलत मिळवून त्या दाखल झाल्या. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठातल्या मार्क १ या गणकयंत्रावर झाली. हे यंत्र ५१ फूट लांब होतं आणि छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवरून सूचना वाचायचं. त्याची ५०० हून जास्त पानांची माहितीपुस्तिका तयार करण्यात हॉपरबाईंचा मोठा वाटा होता.

पतंगाची गोष्ट

संगणकातल्या चुकीला ‘बग’ हा शब्द हॉपर यांनी दिला, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते बरोबर नाही. यंत्रातल्या बिघाडाला इंजिनीअर लोक एडिसनच्या काळापासून बग म्हणत होते. १९४७ साली मार्क २ यंत्राच्या एका रिलेमध्ये खरोखरचा पतंग अडकलेला सापडला. तो हॉपर यांनी स्वतः शोधलेला नव्हता, त्या ही गोष्ट रंगवून सांगायच्या. पण मुलांना सांगण्यासारखी बाब पुढेच आहे. तिथल्या लोकांनी पतंग फेकून दिला नाही. नोंदवहीत तो चिकटपट्टीने लावला आणि शेजारी तो कुठे सापडला ते लिहिलं. ती वही आज अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

भावाने शोधलेली चूक

१९४९ मध्ये हॉपर फिलाडेल्फियातल्या संगणक बनवणाऱ्या कंपनीत गेल्या. तिथल्या बायनॅक यंत्रासाठी ८ च्या पायावरच्या संख्या वापराव्या लागत. त्याच सुमारास त्यांच्या बँकेच्या खात्याचा हिशेब जुळेना. तीन महिने जुळला नाही. त्यांचा भाऊ बँकेत होता. त्याने काही संध्याकाळी बसून एकेक ओळ तपासली, तेव्हा कळलं की मधूनच कधीतरी बाई ८ च्या पायावर वजाबाकी करत होत्या. म्हणजे ५२ मधून १७ वजा करताना दशक मोकळा केला की १० ऐवजी ८ सुटे धरायचे. मग उत्तर ३५ ऐवजी ३३ येणार! हिशेब करणारी व्यक्ती गणितात पीएचडी होती, तरी चूक सापडली ती पायरी न् पायरी तपासल्यावरच.

माणसाने यंत्राच्या भाषेत विचार करत राहण्यापेक्षा यंत्रालाच शब्द समजतील असं करावं, हे हॉपर यांचं पुढचं काम. १९५२ मध्ये त्यांनी पहिला कंपायलर तयार केला. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूचना यंत्राच्या आकड्यांत उतरवणारा प्रोग्राम. १९५९ च्या सुमारास आलेल्या कोबॉल भाषेवरही त्यांच्या कामाची मोठी छाप आहे.

आजच्या संगणकात डोकावताना

आजच्या संगणकाला रिले नाहीत, उघडून काही दिसत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. फाईल उघडणं, कोणत्या प्रोग्रामला केव्हा पाळी द्यायची ते ठरवणं, अशी कामं तो हजारो छोट्या फंक्शनांमार्फत करतो. लिनक्समध्ये २००८ पासून एफट्रेस नावाची सोय कर्नलमध्येच आहे. कमांड लाईनवरून ‘करंट ट्रेसर’ या फाईलमध्ये ‘फंक्शन ग्राफ’ लिहायचं आणि ‘ट्रेस’ ही फाईल वाचायची. त्यासाठी संगणकाच्या मुख्य खात्याचा अधिकार लागतो. कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं आणि किती मायक्रोसेकंद घेतले, ते ओळीने दिसतं. १० पेक्षा जास्त लागले तर अधिकचं चिन्ह, १०० पेक्षा जास्त लागले तर उद्गारचिन्ह!

या यादीत फंक्शनांची नावं वाचता येतात, कारण प्रोग्राम शब्दांत लिहायची वाट हॉपर यांच्यासारख्यांनी पाडली. आणि मायक्रोसेकंद म्हणजे किती? हॉपर भाषणाला जाताना सुमारे ३० सेंटिमीटरचे तारेचे तुकडे नेत आणि श्रोत्यांना वाटत. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाते. मायक्रोसेकंदासाठी त्या जवळपास ३०० मीटर तारेचं वेटोळं दाखवत. त्या हिशेबाने १०० मायक्रोसेकंद म्हणजे ३० किलोमीटर, अंदाजे भोसरीहून चाकण ओलांडून राजगुरुनगरपर्यंत.

हॉपर १९८६ मध्ये रिअर अ‍ॅडमिरल या पदावरून वयाच्या ७९ व्या वर्षी नौदलातून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या कार्यालयातलं घड्याळ उलटं फिरायचं. कायम असंच चालत आलंय, हे कारण त्यांना पटत नसे.

वर्गात करून पाहा

फळ्यावर ५२ वजा १७ द्या. काही मुलं ४५ लिहितील. एकाने ७ मधून २ वजा केले असतील, कारण मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच त्याच्या डोक्यात आहे. दुसऱ्याने दशक मोकळा केला, १२ मधून ७ बरोबर वजा केले, पण दशकाच्या घरात ५ चे ४ करायचे राहिले. दोघांचंही उत्तर ४५. फुली एकच, पण पहिल्याला दशक मोकळा करणं मुळात समजलेलं नाही आणि दुसऱ्याची फक्त एक पायरी राहिली आहे. दोघांनाही नुसतं ‘लक्ष दे’ म्हटलं तर पहिला मागेच राहणार.

म्हणून फुली मारायच्या आधी मुलाला प्रत्येक पायरी तोंडाने सांगायला लावा. बरोबर पायरीला टिक करा, अडलेल्या पायरीपुढे उद्गारचिन्ह काढा. खोडरबर तेवढा वेळ दप्तरातच राहू द्या. घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांनाही हे पाच मिनिटांत जमतं.

ज्यांना लिनक्स शिकून पाहायचं आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी आवाजातले धडे मोफत आहेत.