एकतीस विहारांचे शिल्पकार : भिक्खू थिक क्वांग डुक

व्हिएतनाममधील हुए शहराजवळ, नदीकाठच्या एका टेकडीवर थिएन मू हे प्राचीन विहार उभे आहे. १६०१ साली न्गुएन होआंग या राज्यकर्त्याने ते बांधले. पुढे १८४४ साली विहारासमोर सात मजली अष्टकोनी मनोरा उभा राहिला. बुद्धरूपाला वंदन करून यात्रेकरू मागच्या अंगाला जातात, तेव्हा तिथे जपून ठेवलेली एक जुनी ऑस्टिन मोटार त्यांच्या दृष्टीस पडते. विहारात मोटार कशाला, असा प्रश्न कोणालाही पडावा. ११ जून १९६३ रोजी याच मोटारीतून एक वृद्ध भिक्खू सायगॉनच्या चौकात आले आणि त्यांनी धम्मासाठी स्वतःचा देह अग्नीला दिला. ते भिक्खू म्हणजे थिक क्वांग डुक.

त्यांचे मरण जगाने छायाचित्रात पाहिले. त्यांचे जीवन मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

१८९७ साली मध्य व्हिएतनाममधील खान होआ प्रांतातल्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. घरचे नाव लाम व्हान तुक. सात भावंडांपैकी ते एक. सातव्या वर्षी ते भिक्खू असलेल्या आपल्या मामांकडे धम्म शिकण्यास गेले. मामांनी त्यांना पुत्रवत वाढविले. पंधराव्या वर्षी ते श्रामणेर झाले व विसाव्या वर्षी त्यांना उपसंपदा मिळाली. तेथील भिक्खू आपल्या नावाआधी ‘थिक’ लावतात. तो शब्द तथागतांच्या शाक्य कुळावरून आला आहे. जुने कुळ मागे टाकून सर्वांनी शाक्यपुत्र व्हावे, हा त्यातला भाव.

उपसंपदेनंतर त्यांनी तीन वर्षे डोंगरात एकांतात साधना केली. पण ते तिथेच रमले नाहीत, लोकांत परत आले. १९३२ पासून बौद्ध संघटनेचे निरीक्षक म्हणून ते काम करू लागले. मध्य व्हिएतनाममध्ये त्यांनी चौदा विहारे बांधली वा जीर्णोद्धार करून उभी केली. १९३४ साली ते दक्षिणेकडे गेले. पुढे दोन वर्षे कंबोडियात राहून त्यांनी थेरवादाचा अभ्यास केला. स्वतः महायानी असून दुसऱ्या परंपरेच्या पायाशी बसून शिकणारा हा भिक्खू होता. दक्षिणेत त्यांच्या हातून आणखी सतरा विहारे झाली. एकूण एकतीस!

मग अशा शांत कर्मयोग्यावर ही वेळ का आली?

त्या वेळी दक्षिण व्हिएतनाममध्ये न्गो दिन्ह दियेम यांची राजवट होती. बहुसंख्य जनता बौद्ध, पण राज्यकर्ते कॅथलिक. १९५० च्या एका हुकुमाने बौद्ध धम्माला केवळ एका मंडळाचा दर्जा होता, कॅथलिक चर्चला मात्र त्या जाचातून सूट होती. मे १९६३ मध्ये वैशाखी बुद्धजयंतीच्या तोंडावर हुए शहरात धम्मध्वज फडकविण्यास बंदी झाली. थोड्याच दिवसांपूर्वी अध्यक्षांच्या आर्चबिशप बंधूंच्या समारंभात चर्चचे ध्वज खुशाल फडकले होते. ८ मे रोजी लोक नभोवाणी केंद्रासमोर जमले. सरकारी सैन्य आले आणि आठ जणांचे प्राण गेले. त्यांत लहान मुलेही होती.

भिक्खुसंघाने पाच मागण्या केल्या : ध्वजाचे स्वातंत्र्य, कायद्यात समानता, धरपकड बंद, धम्म आचरण्याचा व प्रसाराचा हक्क, आणि मृतांच्या कुटुंबांना भरपाई व अपराध्यांना शासन. कोणाचा धर्म बुडवा, अशी एकही मागणी त्यांत नव्हती. सरकार बधले नाही. तेव्हा क्वांग डुक यांनी संघाच्या संमतीने आत्मार्पण केले. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी अध्यक्षांना करुणेने वागण्याची व सर्व धर्मांना समान लेखण्याची विनंती केली होती. शिव्याशाप नव्हता. मालकम ब्राऊन यांनी घेतलेल्या छायाचित्राने जग हादरले. ऑगस्टमध्ये सरकारने विहारांवर छापे घातले, पण नोव्हेंबरच्या आरंभी लष्करी उठावात ती राजवटच कोसळली.

दहनानंतरही त्यांचे हृदय जळले नाही, असे तेथील उपासक मानतात व ते धातू म्हणून पूजतात. आपल्याला या चमत्काराची गरज नाही. त्यांची थोरवी त्यावाचूनही सिद्ध आहे.

विनयात स्वतःच्या जीवितालाही हात लावण्यास मनाई आहे, मग हे योग्य कसे, असे माझे विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. महायानात सद्धर्मपुण्डरीक सूत्रामुळे देहार्पणाची एक परंपरा आहे, तिच्यात ते वाढले होते. आपली वाट ती नव्हे. ज्या हक्कांसाठी ते जळले, ते धर्मस्वातंत्र्याचे हक्क बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या संविधानाने आपल्याला कलम २५ मध्ये लेखी दिले आहेत. ते राखण्यासाठी मरायचे नाही, शिकायचे, संघटित व्हायचे आणि जगायचे आहे.

म्हणून वाचकहो, त्यांच्या अखेरच्या काही मिनिटांपेक्षा आधीची पन्नास वर्षे आठवा. येत्या वैशाख पौर्णिमेला आपल्या वस्तीतील विहारावर पंचरंगी ध्वज चढवाल, तेव्हा त्याची दोरी मुलांच्या हाती द्या. हा ध्वज लावू द्या म्हणून कुठे दूर देशात लेकरांचे रक्त सांडले, हे त्यांना सांगा. आणि विहाराचे छप्पर गळत असेल, तर सण येण्यापूर्वी ते दुरुस्त करा. एकतीस विहारे उभी करणाऱ्या त्या भिक्खूला हेच खरे वंदन होईल.